शेवटची पंगत

कार्ल्याच्या फाट्यावर पुण्याच्या एस.टी.त ती माझ्या शेजारी येऊन बसली. हिरवं लुगडं, घोगरा आवाज, हनुवटीवर दाढीची निळसर झाक. दर खड्ड्याला पदर सावरत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "गड्याचं अंग बाईचं करून घ्याचंय, मावशी, आपरेशन करून. पन डाक्टर म्हनत्यात, आदी बाई म्हनून राहून दाखव. गावानं मानलं पायजे."

"मग मानलं का गावानं?"

"व्हय की! परवाच्या लग्नात मला बायकांच्या शेवटच्या पंगतीत बसवलं. भात गार, भाजी संपल्याली."

"हे सांगितलंस डॉक्टरांना?"

"सांगितलं. म्हनले, ह्यो काय पुरावा न्हाई."

डॉक्टर पहिल्या पंगतीत जेवून उठणारे. मी जन्मभर शेवटच्या पंगतीत जेवलेय. मला आणखी पुरावा नको होता.