मिल्क काका

मिल्क काकांना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे जेवायला आले तरी ताटली हातात घेऊन किचनमधून हॉलमध्ये, हॉलमधून डेकवर. पायाला नुसती भिंगरी. त्यांची मुलगी ओयुना, इथे अमेरिकेत, हर्नडनमधली आमची शेजारीण, ओशाळून माफी मागायची. मंगोलियात मोठे कवी होते म्हणे. आम्हाला दिसायचे ते येरझाऱ्या घालणारे एक म्हातारे गृहस्थ.

हे नाव ठेवलं आमच्या लेकीनं, तन्वीनं. कुणी प्रवासाला निघालं की आईनं नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्यानं त्याच्या मागे दूध शिंपडायचं, म्हणजे वाट सुखाची होते, ही त्यांच्याकडची रीत. काकांनी ती स्वतःकडे घेतली होती आणि प्रवास म्हणजे काय, याला धरबंध नव्हता. मी ऑफिसला निघाले, दूध. नवरा कोथिंबीर आणायला निघाला, दूध. गाडीची मागची काच कायम ठिपक्यांची. "काकांची कार वॉशवाल्याशी पार्टनरशिप आहे," असं नवरा म्हणायचा.

कविता त्यांना चालत्या गाडीतच सुचायची. मी लायब्ररीला निघाले की शेजारी येऊन बसायचे आणि पुटपुटायला लागायचे. सिग्नल लाल झाला की चुळबुळ सुरू. एकदा गॅस भरताना पलीकडच्या पंपावरच्या एका मंगोलियन मुलानं त्यांना स्वतःचीच एक जुनी कविता पुटपुटताना ऐकलं, आणि पुढची ओळ त्यानं म्हटली. शाळेत पाठ केली होती म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. काका मात्र केव्हाच पंपाभोवती फेऱ्या मारायला लागले होते.

शेवटी एकदा न राहवून मी म्हटलं, काका, घटकाभर टेका की. तेव्हा ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "अमेरिकेला निघालो तेव्हा आईला उठवलं नाही. रडली असती. माझ्यामागे दूध पडलंच नाही. मग पोचणार कसा?" आई तर कधीच गेली होती. मी निघताना माझ्या आईनं हातावर दही घातलं होतं, ते आठवून मला भडभडून आलं.

मग काकांनी परत जायचं काढलं. ओयुनाचा साफ विरोध. हृदय नाजूक, गावापासून दवाखाना लांब. गेले की पुन्हा दिसणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ते ऐकेनात. निघायच्या दिवशी ती रडतच स्टिअरिंगवर बसली. चमचा बॅगेत गेलेला. काका गाडीबाहेर उभे, दार उघडं, आत बसवेना.

मी घरात धावले. फ्रिजमधलं दूध आणि देवघरातली पळी घेऊन आले. काकांनी पळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'जातो' म्हणायचं नसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"येतो," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

मी पळीपळीनं दूध शिंपडत राहिले. गाडी वळेपर्यंत ठिपक्यांच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. सीटला टेकलेलं, अगदी स्वस्थ.