तांब्यातलं आभाळ

आमच्या ऑफिसात पाण्याची बाटली सगळ्यांच्याच टेबलावर असायची. तांब्या मात्र एकीच्याच टेबलावर होता, आणि त्यात पाणी कधीच नसायचं. स्टीलचा, गोल पोटाचा, घासून घासून आरशासारखा केलेला. सकाळी आल्याआल्या ती तो ओढणीच्या टोकानं पुसायची, डोळ्यांसमोर धरायची आणि त्याच्या पोटात बघत बसायची. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘तांब्या’ पडलं. पाडलं मीच. प्रेमानं पाडलं असं मी सगळ्यांना सांगते, पण ते खरं नाही.

ऑफिस म्हणजे नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर चालणारा छोटासा ॲनिमेशन स्टुडिओ. संगणकावर माणसं, जनावरं, भाज्या घडवायच्या आणि त्यांना हलतं-बोलतं करायचं. घडवलेल्या पात्रांवर उजेड टाकायचं काम माझं. पुण्याला दोन वर्षं रीतसर शिकून आले होते. अकरा वर्षं मी औषधफवारणीच्या जाहिरातींतली बोलकी भेंडी आणि हसरं कपाशीचं बोंड उजळत होते, आणि उजेडातलं माझ्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. मग शेवगावहून ही आली. तिथल्या एका फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम करत होती, आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर बघून बघून आमचं काम शिकली होती. ‘आहे’ला ‘हाय’ म्हणायची. आमचं घर तीन पिढ्या मास्तरकीचं, ते माझ्या कानाला खुपायचं. त्याहून जास्त खुपायचं ते तिचं काम.

आमच्या धंद्यात पात्राभोवती एक फोटो गुंडाळतात. चारी दिशा आणि वरचं आभाळ, सगळं एकाच फोटोत. तो घुमटासारखा पात्रावर घातला की फोटोतल्या आभाळाचाच उजेड पात्रावर पडतो. सूर्य असेल तिकडून ऊन, भिंत असेल तिकडून तिच्या रंगाची झाक. पण तेवढ्यावर चेहरा बरेचदा मिळमिळीत दिसतो, म्हणून वरून आपले दिवे लावायचे. मी सात-आठ लावायची. एक नाकासाठी, एक गालासाठी, दोन डोळ्यांसाठी. माझी भेंडी करवलीसारखी मिरवायची. तांब्या एक दिवा लावायची, फार तर दोन. त्याआधी पात्राशेजारी संगणकातच एक चकचकीत गोळा ठेवायची. गोळ्यात सगळं आभाळ दिसतं, सूर्य कुठे आहे ते कळतं, मग दिवाही त्याच बाजूला. ही युक्ती जुनीच, मीही शिकले होते आणि विसरले होते. तिला ती घरच्या तांब्यात बघताना आपली आपण सापडली होती. ते मला फार लागलं.

“आभाळाला इचारून दिवा लावायचा, ताई,” ती म्हणायची. “न्हाईतर दोन सावल्या पडत्यात. दोन सावल्यांचा मानूस कुटं बघितलाय का तुमी?”

एकदा माझ्या भेंडीसमोर उभी राहून म्हणाली, “लई नटवली ओ ताई. पन ही शेतात न्हाई, फोटो स्टुडिओत उभी हाय.” आमचे साहेब खो खो हसले. मी आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. रोज डब्यातली शेंगदाण्याची चटणी ती माझ्या पोळीवर वाढत राहिली. चटणी चांगली होती, आणि तेही मला सहन होत नव्हतं.

हेवा वाटायचा, सरळच सांगते. पोटात दुखेपर्यंत वाटायचा. एकदा ती जागेवर नाही असं बघून मी तांब्या उचलून त्यात डोकावले. नेमकी मागे येऊन उभी.

“दिसतंय का आभाळ?”

“माझंच तोंड दिसतंय.”

“मधी आपनच येतो, ताई. कुटूनबी बगा, मधी आपनच. तेवढं सोडून बगायचं.”

मी तांब्या खाली ठेवला आणि चहाला निघून गेले.

त्यानंतर हैदराबादचं काम आलं. तिथल्या एका कंपनीचा मुलांसाठी मोठा सिनेमा चालला होता आणि पात्रांवर उजेड टाकायला त्यांना एक माणूस हवं होतं. त्यांचे दोघेजण येऊन आम्हा दोघींमधून एकीला निवडणार होते. भेंडीच्या हातून सुटायची मला तेवढी एकच वाट होती. चाळिशी जवळ आलेली, दुसरी वाट कोण दाखवणार? दोघींना पात्र एकच दिलं, पोत्याला टेकून बसलेला म्हातारा हमाल. भोवती गुंडाळायचा फोटोही एकच, शेवगावच्या मार्केट यार्डात सकाळी काढलेला. तोही तांब्यानंच काढलेला.

ते दोघे यायच्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन गच्चीवर गेली. संगणक उघडाच होता. मी बघितलं. हमाल तोंडावर ऊन घेत बसला होता, आणि तिचा एकुलता दिवा त्या उन्हात असा मिसळला होता की वेगळा काढता येऊ नये. सुरकुती न् सुरकुती खरी. माझा आठ दिव्यांचा हमाल त्याच्यापुढे मेणाचा वाटला. मला रडूच येणार होतं, पण त्याआधी हात पुढे गेला. फोटोचा घुमट मी अर्धा फिरवून ठेवला. सूर्य हमालाच्या पाठीमागे गेला, तिचा दिवा पुढेच राहिला. झाल्या दोन सावल्या. पाहुणे तीनला येणार होते. मी जागेवर येऊन बसले. डबा उघडलाच नाही.

अडीचच्या आत ती आली, पडद्याकडे बघून थबकली. मग गोळ्यात बघितलं.

“अगं बया, सूर्य फिरलाय.”

मी मान वर केली नाही. आता साहेबांना हाक मारील, नाहीतर घुमट मुकाट्यानं पूर्ववत फिरवील असं मला वाटलं. ती नुसती बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “थांब की. हे बरं दिसतंय.”

पुढचा दिवा तिनं विझवला. पाठीमागच्या उन्हानं हमालाच्या मुंडाशाला, कानाला, खांद्याला उजेडाची कड आली होती, ती तशीच ठेवली. चेहरा सावलीत गेला. मग अगदी जमिनीलगत एक मंद दिवा लावला, समोरच्या ओट्यावर ऊन आपटून तोंडावर येतं तसा. हमाल सकाळभर ओझी वाहून आत्ता कुठे टेकलाय, हे दिसायला लागलं. आधीच्या चित्रात ते नव्हतं.

पाहुणे माझ्या चित्राला “छान” म्हणाले. तिच्या चित्रासमोर खुर्च्या ओढून बसले. तेव्हाच मला कळलं.

ती हैदराबादला निघाली त्या दिवशी तिला माळीवाड्याच्या स्टँडवर पोचवायला मीच गेले. पिशवीत सगळ्यात वर तांब्या. बसची वाट बघता बघता म्हणाली, “ताई, तुमच्याकडनं शिकले मी.”

“माझ्याकडून? काय?”

“हमालाला पाठीमागनं ऊन. मला सुचलं नसतं.”

तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना हसू. माझ्याकडे बघत होती, तेवढंच. माफी मागायला बस सुटेपर्यंतचा सगळा वेळ होता. तो मी तिची बॅग वर नीट बसवण्यात घालवला आणि “पोचलीस की फोन कर” म्हणून खाली उतरले. तिनं फोन केला. मी उचलला नाही.

आता माझ्याही टेबलावर तांब्या आहे. भेंडीला मी दोनच दिवे लावते; पूर्वीची जास्त उजळ होती अशी औषधवाल्यांची तक्रार आहे. नवीन मुली शिकायला येतात, त्यांना मी सांगते, आभाळाला विचारून दिवा लावायचा. वाक्य माझंच आहे असं त्यांना वाटतं, आणि मी वाटू देते. रोज सकाळी तांब्या पुसून त्यात बघते. खिडकी दिसते, खिडकीतलं आभाळ दिसतं, ऊन कुठून येतंय ते कळतं. मधोमध माझं तोंड असतं. तेवढं सोडून बघायला मला अजून जमलेलं नाही.