पुढे दुकान, मागे घर

हॅमिल्टनमध्ये आमची डेअरी आहे, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दूध, ब्रेड, आइस्क्रीम, आणि 'पाय' म्हणतात त्या गरम खिमा-पेस्ट्र्या. पुढे दुकान, मागे आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी. दारात गिऱ्हाईक आलं की टिंगटाँग वाजतं आणि जेवणारा उठतो. नऊ वर्षांत आम्ही तिघं एका वेळी जेवायला बसलो आणि एका वेळी उठलो, असं झालेलं नाही. दुकान घ्यायला एक जण तयार होता. जपानच्या सहलीहून आल्यावर सांगतो, असं नवऱ्याने त्याला कळवलं. मला तर ते कालच विकायचं होतं.

दुकानातून सुटका म्हणून पहिली सुट्टी घेतली, गल्ला भावावर सोपवला आणि इतक्या लांब जाऊन पाहिलं काय, तर दुकानं. एका गावाने आपली जुनी व्यापारी पेठ जशीच्या तशी जपली आहे. तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरात शिरल्या शिरल्या नवऱ्याने अभिप्राय दिला की गल्ला दाराच्या फार जवळ आहे, चोर सहज हात घालेल.

गाइडबाई इंग्रजीत सांगत होत्या, पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, आणि जेवताना गिऱ्हाईक दिसावं म्हणून भिंतीला ही फट. कसे राहत असतील बिचारे, म्हणून सगळे पर्यटक हळहळले. आमच्याकडे फटीच्या जागी शेगडीशेजारी कॅमेऱ्याचा स्क्रीन आहे. चारचौघांत वेगळं दिसायला नको म्हणून आम्हीही हळहळलो.

मागच्या खोलीत चहा मिळाला. तिघं चटईवर बसलो, तेवढ्यात दाराशी टिंगटाँग. नवरा कप ठेवून उठला, थेट गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला आणि आत आलेल्या जपानी आजीआजोबांना आमच्या दुकानात म्हणतो तसं "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाला. ते वाकले. हाही वाकला. मी लाजेने अर्धमेली झाले आणि तो परत आल्यावर त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. या माणसाला स्वर्गातही गल्ला लागेल, असंसुद्धा म्हणाले.

पुन्हा टिंगटाँग. या वेळी तो बसूनच राहिला. उभी होते मी, हातात कप, एक पाय बुटात.

घरात कायम इंग्रजीत उत्तर देणाऱ्या आमच्या मुलीने माझी बाही धरली आणि मराठीत म्हणाली, "आई, बस ना. हे आपलं दुकान नाहीये."

नवरा हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "विकूया," म्हणाला.

मी बसले. रडू आवरेना. चहा गार झाला होता, तो आम्ही तिघांनी बसून संपवला.