राखून ठेवलेली जागा

गंगाखेडच्या स्टेशनवर माझी ट्रंक किशनरावांनी उचलली होती. नामांतराच्या मोर्च्यामुळं त्या दिवशी एसटी बंद होती, म्हणून रेल्वेनं परभणी आणि तिथून गाडी बदलून नाशिक, असं ठरलं होतं. ज्या माणसाच्या परत येण्यानं माझी नोकरी गेली, तोच मला पोचवायला आला होता.

"ह्यात काय दगडं भरलेत का?" त्यांनी विचारलं. पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मंग दगडंच बरे होते. बांधकामाला तरी आले असते."

गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "माझी जागा तुमी राखली, मास्तर. मी इसरणार न्हाई." मी मास्तर नव्हतो. सारखा वाचत बसायचो म्हणून ते मला तसं म्हणत.

किशनराव धान्याच्या गोदामावर कारकून होते आणि प्रादेशिक सेनेतही होते. एरवी आपली नोकरी करायची, वर्षातून महिनाभर सरावाला जायचं, आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. त्या वर्षी पोळ्यानंतर बोलावणं आलं ते सरावाचं नव्हतं. त्यांच्या जागी बदली म्हणून मला घेतलं. आमच्या गावी, चुडाव्याला, वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मिळालीय तर आता जागा सोडू नगं."

महिनाअखेरीला किशनरावांच्या घरून सुभद्रावहिनी ऑफिसात आल्या. फौजेचा पगार इथल्याहून बराच कमी होता आणि उशिरा यायचा. वरचा फरक ऑफिस देतं, असं नवऱ्यानं पत्रात लिहिलं होतं. हेडक्लार्क म्हणाले, तिकडं पगार मिळतोय तर इकडून कशाला? वहिनी गेल्यावर ते माझ्याकडं वळले. किशन काही लवकर येत नाही, त्याचं नाव कमी करू आणि मार्चनंतर तुला कायम करू, असं म्हणाले.

मला वाचायची सवय. कपाटातलं नियमांचं पुस्तक मी दसऱ्याआधीच काढून पाहिलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: बोलावलेल्या माणसाची जागा राखून ठेवायची आणि पगारातला फरक त्याच्या घरी द्यायचा. मी पुस्तक होतं तिथं ठेवलं. वहिनी पुढच्या महिन्यात आल्या, तेव्हा मी मान खाली घालून पोत्यांच्या नोंदी करत राहिलो. हेडक्लार्कना नियम ठाऊक नव्हता. मला होता.

दिवाळी झाली. वहिनी पुन्हा आल्या तेव्हा हेडक्लार्क जेवायला गेले होते. वहिनींच्या हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. तोडीला जाते, म्हणाल्या. "पोरीचं नाव काढलं शाळेतून. धाकट्याला कोण बघील?" मग त्यांनी विचारलं, "शिकल्यालं माणूस तुमी. एवढंच सांगा, त्येंची नोकरी हाय का गेली? गेली आसंल तर मी इथं यायचं बंद करते."

त्या दिवशी दुपारी मी अर्ज लिहिला, नियमाची नक्कल जोडली आणि वहिनींची सही घेऊन टेबलावर ठेवला. हेडक्लार्कनी तो दोनदा वाचला. "ह्या कागदानं तुझीच जागा जायलीय, कळतंय का?" मी हो म्हणालो.

राहिलेला फरक एकरकमी मिळाला. वहिनींनी ऊसतोड सोडली. मुलीचं वर्ष मात्र बुडालं ते बुडालंच. दीड वर्षानं किशनराव परतले आणि मी मोकळा झालो. तोवर माझं नाव झालं होतं. दुसऱ्यासाठी स्वतःची नोकरी घालवली, असं लोक म्हणत. वडीलही चुडाव्यात अभिमानानं सांगत. नियम कधी वाचलास, असं मात्र मला कुणी विचारलं नाही.

आता नाशिकच्या कारखान्यात स्टोअरला आहे. शिफ्ट, गेटपास, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. 'लय' म्हटलं की कँटीनमधली पोरं अजून हसतात. आईवडिलांना इकडंच आणलं आणि दोघंही इथंच गेले. किशनराव दर दिवाळीला पत्र घालायचे, 'मास्तर, घरी या.' मी उलट लिहायचो, सुट्टी नाही. सुट्टी असायची. त्या घरात बसून त्यांच्या हातचा चहा मला पिता आला नसता.

चार दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचं पत्र आलं. बाबा गेले. शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे.

ते असताना सांगायला हवं होतं. ते गेल्यावर सांगणं सोपं आहे, हेही मला कळतं. तरी काल वहिनींना लिहिलं, "नियम मला दसऱ्याआधीच माहीत होता. दोन महिने मी गप्प बसलो." एवढी दोन वाक्यं लिहायला मला तीन दिवस लागले.

चुडाव्यात आता आमचं कुणी नाही. घर म्हणून कुठं जायचं तर गंगाखेडच्या त्या एकाच दारी. पत्र आधी पोचू दे, मग मी तेराव्याला निघेन. वहिनींनी दारातूनच परत पाठवलं, तरी मी काय केलं ते जाणणारं घर जगात तेवढंच असेल.