उलामिला पावाची गाडी सोडते

बेटावरच्या लंबासा गावच्या बाजारपेठेतल्या बिसुनदेवच्या बेकरीत दुपारी भट्ट्या निवल्या की कुणी फिरकत नाही. उलामिलाने मुद्दाम तीच वेळ धरली. पावाची गाडी तिने मागच्या अंगणात लावली, रिकामे ट्रे उतरवून रचले, हात धुतले आणि गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, मी काम सोडतेय. अजून दोन आठवडे येईन. मग तय्यबभाईंच्या बसवर जाणार."

बिसुनदेव फाटलेल्या मैद्याच्या पोत्याला चिकटपट्टी लावत बसला होता. त्याने पट्टी दाताने तोडली, पोत्यावर नीट दाबली आणि मग विचारलं, "बसवर जाऊन काय करणार?"

"चालवणार."

तो हसला. "बायका बस चालवतात होय गं?"

"पावाची गाडी तरी कुठे चालवत होत्या? तुम्हीच शिकवलीत मला."

यावर बिसुनदेवचं हसू विरलं, कारण बोलणं खरं होतं. उलामिला त्याच्याकडे आली ती ट्रे घासायला. नवरा कामासाठी म्हणून मोठ्या बेटावर गेला आणि तिकडचाच होऊन बसला, तेव्हा पदरात दोन मुली घेऊन ती या दारात उभी राहिली होती आणि बिसुनदेवने तिला परत पाठवलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या गावांना पाव पोचवायचं काम तेव्हा तो स्वतः करायचा. मग तो मोठ्या वादळाचा हंगाम आला. नदीवरच्या फरशी पुलावर गाडी अर्ध्यात असताना पाण्याचा लोंढा आला आणि गाडी, पाव, बिसुनदेव, सगळं घेऊन गेला. पलीकडच्या नासोलो गावच्या लोकांनी त्याला एका झाडावरून उतरवून घेतलं. त्या दिवसानंतर तो स्टेअरिंगला शिवला नाही. नवी गाडी घेतली, पण साखर कारखान्याच्या मोकळ्या आवारात उलामिलाला शेजारी बसून शिकवलं आणि चावी तिच्या हातात दिली. अकरा वर्षं झाली त्याला.

आता तोच हात पुढे करून म्हणाला, "दोन आठवडे कशाला? जायचंय ना? मग आत्ताच जा. चावी ठेव इथे."

"उद्या गावांना पाव कोण नेणार?"

"त्याची काळजी तू करू नकोस. उपकार विसरणाऱ्या माणसाने तर नकोच नको."

उलामिलाच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ती उंच, धिप्पाड बाई, आवाजही तसाच. बाजारात या टोकाला हसली की त्या टोकाला कळायचं. पण त्या दिवशी तिने चावी गल्ल्यावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "उपकार विसरले असते तर आजच्या आज गेले असते, काका. मी सकाळी येते."

बस चालवायचं वेड तिला कधीपासूनचं होतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लहानपणी बाजाराला जाताना ती ड्रायव्हरच्या मागची जागा सोडायची नाही, एवढं तिला आठवत होतं. पण खरं कारण ती विचारणाऱ्याला वेगळंच सांगायची. "पाव बोलत नाही गं," ती म्हणायची. "पहाटेपासून दुपारपर्यंत मी एकटीच बडबडते आणि मागे पाव गप्प. बोलायला माणसं पाहिजेत मला." जड वाहनाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिचा आतेभाऊ साकिउसा नासोलोत राहतो, त्याचा ऊस वाहायचा ट्रक आहे. दर रविवारी चर्च सुटलं की ती त्या ट्रकवर हात बसवायची. तिसऱ्या खेपेला लायसन मिळालं आणि ते घेऊन ती थेट तय्यबभाईंच्या ऑफिसात गेली. तय्यबभाईंनी तिच्याकडून बस डोंगरावर नेऊन आणवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "शाळा सुरू होतायत. किनाऱ्याची बस तुला देतो. नवी आहे, जपून चालव."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बेकरीकडे चालत निघाली, तर पावाची गाडी तिला रस्त्यातच दिसली. कारखान्याच्या वळणावर आडवी उभी. इंजिन चालू, दिवे चालू, मागे उसाचा एक ट्रक भोंगा वाजवून बेजार झालेला. बिसुनदेव स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसला होता. बेकरीपासून तिथवर त्याने गाडी आणली होती, ती किती कष्टाने ते त्याच्या भिजलेल्या शर्टावरून कळत होतं.

उलामिलाने दार उघडलं. "सरका, काका."

तो सरकला. ती बसली, ट्रकवाल्याला हात केला आणि गाडी रस्त्याला लावली. पुढच्या वळणाला बिसुनदेव म्हणाला, "इथे उतरव मला." उतरून तो मागे न बघता बेकरीकडे चालू लागला. त्या दिवशी गावांना पाव थोडा उशिरा मिळाला, एवढंच.

चावीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. बिसुनदेव तिच्याशीही बोलत नव्हता. गिऱ्हाइकांना मात्र ऐकवायचा, "माणसाला कितीही जीव लावा, शेवटी बसच मोठी." उलामिला ट्रे भरायची, निघायची, यायची. पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली. तिच्या जागी तो कुणालाच बघत नव्हता. दोघंजण काम विचारायला आले, त्यांना त्याने दारातूनच घालवलं.

बिसुनदेवच्या बायकोने, शिउकुमारीने, एकदा तिला मागच्या दारी गाठलं आणि हातावर गरम रोटी ठेवत म्हणाली, "त्यांना वाटतंय तू जाणार नाहीस. पोरीचं मन मऊ आहे, शेवटच्या दिवशी राहील, म्हणतात."

"काकी, मी जाणार."

"मला माहितेय. मी त्यांना सांगितलं. ऐकतात कुठे? दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी द्यायची नाही आणि स्वतः बसायचं नाही."

"मग त्यांना माझ्या शेजारी बसवा. रोज. पुढचं मी बघते."

शिउकुमारीने काय केलं कोण जाणे. कामगार सांगायचे, तिने भट्टीजवळ उभं राहून नवऱ्याला मोठ्याने विचारलं, "तुम्ही चालवणार की मी चालवू?" आणि ती खरंच लुगडं खोचून गाडीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे बिसुनदेव उलामिलाच्या शेजारी तोंड फुगवून बसला होता.

त्याच दुपारी तय्यबभाईंनी तिला बोलावून घेतलं. किनाऱ्याच्या बसचा जुना ड्रायव्हर ठरल्याआधीच गेला होता.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "शाळेची पोरं रस्त्यावर उभी राहतील."

"सोमवारी नाही जमणार. बेकरीला दोन आठवडे सांगितलेत. अजून एक बाकी आहे."

"अगं, तो म्हातारा तुला बाजारभर शिव्या घालतोय, आणि तू त्याच्यासाठी थांबतेस?"

"शब्द दिलाय, तय्यबभाई. आज मी त्यांना रस्त्यात सोडून आले, तर उद्या तुम्हालाही सोडून जाईन. असा ड्रायव्हर चालेल तुम्हाला?"

तय्यबभाईंनी कपाळ चोळलं. "बोलायला बरी आहेस. पण बस मी रिकामी ठेवू शकत नाही. किनाऱ्याची दुसऱ्याला देतो. तू आलीस की डोंगरावरची जुनी बस आहे, ती घे. तिला कुणी हात लावत नाही. चालेल?"

किनाऱ्याची ती नवी बस उलामिलाने मनात कितीदा तरी चालवली होती. थांब्यावरची माणसंसुद्धा तिने ठरवून टाकली होती. पण ती म्हणाली, "चालेल," आणि बाहेर आल्यावर बाजारातल्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात शिकवणी सुरू झाली. गाव सुटून सरळ रस्ता लागला की उलामिला गाडी थांबवायची आणि न बोलता उतरून पलीकडे जायची. बिसुनदेव स्टेअरिंगवर यायचा. पहिल्या दिवशी तो इतका हळू गेला, की सायकलवरचा एक माणूस त्यांना मागे टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. "बघतोय काय मेला," बिसुनदेव पुटपुटला आणि त्याने वेग वाढवला. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. एकदा तर त्याने तिला ओरडूनही सांगितलं, की तिने क्लच अगदी खराब करून ठेवलाय. तो बोलला, याचंच तिला बरं वाटलं.

पण नदी आली की तो उतरायचा. फरशी पूल ती एकटी ओलांडायची, पलीकडच्या गावांना पाव वाटून परत यायची आणि तोवर तो अलीकडच्या झाडाखाली बसून राहायचा.

शेवटून दुसऱ्या दिवशी तिथे पोचल्यावर उलामिलाने गाडी थांबवली. फरशीवर घोटाभर पाणी खेळत होतं, तळ दिसत होता.

"आज तुम्ही न्या, काका."

"माझ्याने व्हायचं नाही."

"उद्या माझा शेवटचा दिवस."

बिसुनदेव समोर बघत म्हणाला, "मग राहा ना. सरळ सांगतो तुला. मी हा पूल ओलांडणार नाही. तू गेलीस की पलीकडच्या गावांचा पाव बंद. तुझ्या साकिउसाचाही. बघवेल तुला?"

तिला खरोखरच ते बघवणार नव्हतं. पलीकडच्या म्हाताऱ्या, गाडीचा आवाज आला की धावणारी पोरं, सगळी तिला नावानिशी ठाऊक होती. याआधीही दोनदा तिने दुसरं काम धरायचं ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा बिसुनदेवचा पडलेला चेहरा बघून गप्प बसली होती. तिने गाडीचं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"काका, तुम्ही मला उभं केलंत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी जाणार. पाव नेलात तरी जाणार, नाही नेलात तरी जाणार."

ती उतरली. चपला हातात घेतल्या आणि फरशीवरून चालत निघाली. पाणी गार होतं. ती मुद्दाम सावकाश, मधोमध चालली, म्हणजे त्याला खोली दिसावी. पलीकडे साकिउसा आणि गावची पाच-सहा माणसं पावासाठी उभी होती.

"काय गं?" साकिउसा ओरडला. "आता पाव डोक्यावरून आणतेस का? टोपली कुठाय?" आतेभाऊच तो, त्यांच्याकडच्या रीतीने टर उडवायचा त्याचा हक्कच.

"गप बस जरा," ती म्हणाली आणि काठावरच्या दगडावर नदीकडे तोंड करून बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. एक म्हातारी पाव मिळणार की नाही ते विचारून गेली. साकिउसालाही काहीतरी कळलं असावं, तोही तिच्या शेजारी खाली बसला. उलामिलाला दोनदा वाटलं, उठावं, परत जावं, गाडी आणावी. दोन्ही वेळा तिने दगड घट्ट धरला.

मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी फरशीच्या तोंडाशी आली, थांबली, पुन्हा निघाली. बिसुनदेवने खिडकीतून मान बाहेर काढली होती आणि तो सारखा चाकाकडे बघत होता. मध्यावर आल्यावर गाडीने आचका दिला आणि काठावरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. पण ती बंद पडली नाही. चाकं काठाला लागली तशी त्याने जोरात भोंगा वाजवला आणि मग बोट काढायलाच विसरला.

"अरे देवा," साकिउसा म्हणाला, "पावाबरोबर वाजंत्रीही आणली की!"

माणसं हसली. बिसुनदेव दाराला धरून खाली उतरला. याच माणसांनी त्याला झाडावरून उतरवलं होतं आणि इतक्या वर्षांत तो इकडे आला नव्हता. म्हातारीने त्याचा हात हातात घेतला, तो तिने सोडलाच नाही. पाव उलामिलानेच वाटला. परत येताना पुन्हा त्यानेच गाडी आणली.

शेवटच्या दिवशी शिउकुमारीने तिला मिठी मारली, लोणच्याची बरणी दिली. बिसुनदेव भट्टीमागून बाहेर आला नाही. उलामिलाने आत डोकावून "येते, काका" म्हटलं, तर तो कामगाराला म्हणाला, "पीठ जास्त मळतोयस." ती थोडा वेळ दारात थांबली आणि निघाली.

डोंगरावरची बस तय्यबभाईंनी सांगितली होती त्याहून खराब निघाली. खिडक्यांच्या ताडपत्र्या फाटलेल्या, गिअर टाकायला अख्खं अंग लावावं लागायचं. पहिल्या दिवशी चढावर ती बंद पडली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "बाई चालवतेय म्हटल्यावर हे होणारच." उलामिलाने मागे वळून त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही ढकलता की चालवता? दोन्हीपैकी एक काम तुमचं." अख्खी बस हसली. मामा ढकलायला उतरले. बाजाराला निघालेल्या बायका कसाव्याच्या आणि डालोच्या कंदांच्या टोपल्या घेऊन तिच्या मागच्या बाकांवर दाटीने बसायला लागल्या आणि वर पोचेपर्यंत तोंड म्हणून मिटायच्या नाहीत. वर्षभराने तय्यबभाईंनी तिला किनाऱ्याची बस देऊ केली. ती घ्यायच्या आधी तिने आठवडाभर विचार केला. मग घेतली.

बिसुनदेवने वर्षभर स्वतःच पाव पोचवला, आणि नंतर एक माणूस शेजारी बसवून तयार केला. पहिल्या दिवाळीपर्यंत तो उलामिलाशी बोलला नाही. त्या दिवाळीला ती डोंगरावरचीच बस चालवत होती, आणि नेहमीसारखी त्याच्या घरी गेली. शिउकुमारीने तिच्यापुढे गोडाचं ताट ठेवलं. बिसुनदेव समोरच्या खुर्चीत बसून होता. ताट अर्धं झाल्यावर त्याने विचारलं, "बस कशी आहे?"

"बरी आहे. गिअर जरा अडतो."

"पूर्ण दाबत नसशील क्लच. तुझी जुनी खोड."

"दाबते हो, काका."

"आण इकडे रविवारी," तो म्हणाला. "बघतो मी."