बाळ शांत आहे

शहाद्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा माझी स्वरा माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या कडेवर बसून समोरच्या रसवंतीचे घुंगरू बघत होती. अडीच वर्षांची होती. तिच्या हातात रसाचा ग्लास द्यायचा आणि तिला तिकडंच रमवायचं, हे माझ्या आईनं आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. "पोर दखई तं रडई. तू चूपचाप गाडीमा बठी जाय." मी बसले. खिडकीसुद्धा पलीकडच्या बाजूची धरली. गाडी वळली तेव्हा घुंगरू वाजत होते. स्वराला काही कळलं नाही. आईच्या मते सगळं व्यवस्थित पार पडलं.

आपल्या गावच्या, ब्राह्मणपुरीच्या तुम्हा लोकांना हे ठाऊकच आहे, निम्मे तर मला सोडायला आला होतात. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना वेगळं काय सांगायचं? लहान मूल मागं ठेवून जाणाऱ्याला सगळे हाच सल्ला देतात. मी लहान मुलांची नर्स. इंग्लंडमधल्या लोकांची मुलं सांभाळायला निघाले होते आणि माझी मुलगी आईकडे ठेवली होती. नवरा सुरतेला मिलमध्ये, त्याच्या पाळ्या सारख्या बदलत्या. वर्षाचाच तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले.

इथल्या वॉर्डात प्रत्येक मुलाच्या कॉटशेजारी भिंतीतून ओढून काढायचा एक पलंग आहे. तो आईसाठी किंवा बापासाठी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय लाड आहेत एकेकाचे! आपल्याकडे आई कॉटखाली फरशीवर चादर टाकते आणि राउंडच्या वेळी आपण तिला हाकलतो. बऱ्याच महिन्यांनी एकदा मी हे हसत हसत मार्गारेटला सांगितलं. मार्गारेट म्हणजे आमची सगळ्यात जुनी सिस्टर, रिटायर व्हायला आलेली, चहात दूध जरा जास्त पडलं तरी कुरकुर करणारी. ती हसली नाही.

ती म्हणाली, आमच्याकडेही पूर्वी हाकलायचे. तिला शिकवणाऱ्या सिस्टरांच्या तरुणपणी आईबापांना फक्त रविवारी आत सोडायचे, तेही तासभर. कारण काय, तर आई दिसली की मुलं रडतात. नवीन मूल दोन-तीन दिवस आकांत करायचं, मग गप्प व्हायचं. मग कुणाच्याही हातून जेवायचं, कुणाकडेही जायचं. सिस्टर खूश, डॉक्टर खूश. रविवारी आई आली की ते मूल भिंतीकडे तोंड करायचं. पुष्कळ वर्षांनी काही जणांनी नीट बघितलं, तेव्हा लक्षात आलं की हे मूल रुळलेलं नाही, त्यानं आईची आशा सोडलेली आहे. मग आया भांडल्या, काही नर्सही भांडल्या, आणि हळूहळू दारं उघडली. "त्यानंतर हे पलंग आले," असं म्हणून ती कप धुवायला उठली.

मला डोंगरातल्या काठी गावाकडची एक बाई आठवली. मी नवीन असताना नंदुरबार जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात होते, तेव्हाची. तिचं दोन वर्षांचं पोर न्यूमोनियानं आलं होतं. तिची भाषा मला येत नव्हती. ती दिसली की पोर रडायचं, रडलं की धाप लागायची. मी तिला हातानंच खुणावलं, बाहेर. ती तीन दिवस आवारातल्या लिंबाखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी पोर गप्प झालं आणि मी केसपेपरवर चांगल्या अक्षरात लिहिलं, 'बाळ शांत आहे.' पोर बरं होऊन घरी निघालं तेव्हा मी ते तिच्या हातात दिलं, तर त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, हिचंच लक्ष नसेल पोराकडे. असा माझा शहाणपणा!

त्या दिवशी घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. आधीचे कित्येक महिने मी फोन ठेवायला लागले की स्वरा आकांत करायची. नंतर ते थांबलं होतं. आई कौतुकानं सांगायची, "पोर शानी व्हई गयी. आते रडत नही." मलाही बरं वाटायचं. त्या दिवशी मी तिला हाक मारली. तिनं एकदा फोनकडे बघितलं आणि पुन्हा भाकरीच्या तुकड्यावर गूळ ठेवायला लागली. मला खरं तर रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. मी भांडी घासली, युनिफॉर्मला इस्त्री केली. त्यानंतरचे सगळे दिवस असेच गेले, ड्युटी, बर्फ, ड्युटी. दुसऱ्यांच्या आयांसाठी मी भिंतीतून पलंग ओढून देत होते.

चौदा महिन्यांनी रजा मिळाली. ओट्यावर बॅग टेकवली तर स्वरा आतून आली, दोन्ही हातांत तांब्या-फुलपात्र सांभाळत. पाहुण्यांना पाणी द्यायचं, हे आईनं तिला शिकवलं होतं. एक थेंब न सांडता तिनं मला पाणी दिलं आणि आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायले. त्या घरातलं पाणी मी पाहुणी म्हणून पहिल्यांदाच प्यायले, आणि तेव्हाही मला राग आला नाही की रडू आलं नाही. स्वतःचीच भीती मात्र वाटली.

तीन आठवडे ती माझ्याशी शहाण्यासारखी वागली. मी वेणी घातली, तिनं घालून घेतली. मी भरवलं, तिनं खाल्लं. निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "सकाळी आप्पा तिले रसवंतीवर लई जाई." मी नाही म्हणाले. आयुष्यात आईला इतक्या तुटकपणे मी कधी बोलले नव्हते.

सकाळी स्वराला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. मी आज जाणार आहे. खूप लांब. मागच्या वेळी तुला न सांगता गेले, ते चुकलं. तुझे कागद झाले की तुला न्यायला येईन. ती फ्रॉकचं बटण फिरवत बसली. मला वाटलं, उशीर झाला.

स्टँडवर गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि मागून ओढणी गच्च धरली गेली. "नको जाऊ!" असं ती इतक्या जोरात ओरडली की रसवंतीवरची माणसं उठून उभी राहिली. मी खाली उतरून तिला उचललं. तिनं मला नखांनी ओरबाडलं, खांद्याला चावली, आणि गळ्याला घट्ट मिठी मारून रडत राहिली. कंडक्टर बेल मारायची सोडून बघत होता. आई माझ्यावर खेकसली, "कसाले रडाई दिनं वं पोरले?" तिच्या डोळ्यांना पदर होता. मीही रडत होते, पहिल्यांदाच.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी अजून ब्राह्मणपुरीच सांगते. पण गावाचं नाव सांगताना मला शेत आठवत नाही, ओटाही आठवत नाही. खांद्यावरचे ते इवल्या दातांचे वळ आठवतात. ते आठवडाभर होते, आणि आंघोळीच्या वेळी मी ते आरशात बघायचे.

काल आईचा फोन आला. आवाज चिंतेचा. "तुन्हं नाव लई लई रडस. आते काय करू?"

म्हटलं, "रडू दे तिले, माय."