दोन विंडोंतला शंकरपट

बाबा खाटेवरून पडले तेव्हा मी बाजूच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये मान डोलवत होते. लाखनीतलं आमचं घर हायवेला लागून. ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात, त्यात लकवा मारलेल्या माणसाची हाक कुठली ऐकू येणार? आई धानाच्या रोवणीला शेतात गेलेली. मी पाणी प्यायला उठले म्हणून दिसले. फरशीवर पडून पंख्याकडे बघत होते. मला म्हणाले, "कवाचा हाका मारून राहिलो, बाई."

कॅमेरा लावू म्हटलं तर भडकले. "मी का चोर आहो?" त्यांच्याच खोलीत टेबल टाकून बसून पाहिलं, पण माझी दिवसभराची इंग्रजी बडबड ऐकून त्यांचं डोकं उठायचं. मग मी माझ्या खोलीत आणि माझा जीव त्यांच्या खोलीत, असं सुरू झालं. दर थोड्या वेळाने धावत जाऊन बघायचं, छाती वरखाली होते आहे ना. झोपलेले असले तर वाकून श्वास ऐकायचा. कसली मेली भीती ती! जेवण गोड लागू देत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा हात चालता ठेवा. रबराचा चेंडू दिला तर त्यांनी तो अंगणात भिरकावला. माणूस एकेकाळचा धुरकरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, हाकणाऱ्याच्या जागी धुरीवर बसून बैलजोडी अशी सोडायचे की बघणाऱ्याची टोपी उडायची. त्याला चेंडू दाबायला सांगता? मी पोटासाठी कॉम्प्युटरचे गेम बनवते. म्हटलं, थांबा, तुमच्यासाठी पटच बनवते.

बनवला. एक पांढरा बैल, एक तांबडा. भिंतीतून लांब वायर काढून त्यांच्या टीव्हीवर गेमची एक विंडो लावली आणि हाताशी एक मोठं बटण दिलं. लकव्याच्या हाताने बटण दाबत राहिलं की जोडी पळायची, हात थांबला की थांबायची. बाबांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "हे बैल होत का बकऱ्या?" आणि संध्याकाळपर्यंत बटण सोडलं नाही!

त्याच गेमची दुसरी विंडो मी माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लावली. त्यांना सांगूनच. "मलाही दिसते बरं का तुमची जोडी." ते हसले होते, अर्ध्या तोंडाने.

गेम एक असला तरी दोन विंडो म्हणजे दोन वेगळी डोकी. एकीला काय माहीत आहे ते दुसरीला आपोआप कळत नाही, सांगावं लागतं. मी घाईत दोघींनाही आपापले बैल पळवायला लावले होते. बटण दाबल्याचं दोघींना कळायचं, पुढचं जिचं तिने बघायचं. एकदा माझी विंडो ऑफिसच्या कामाखाली झाकली गेली. झाकलेल्या विंडोकडे कॉम्प्युटर फारसं लक्ष देत नाही. मी ती वर काढली तर बैल मधेच उभे. चप्पल न घालता, दाराला ठेचकाळत गेले. तिकडे बाबा मजेत बटण बडवत होते. "काहून वं, भूत पायलं का?" माझ्याकडे बैल थांबलेले दिसले म्हणून धावत आले, असं मी त्यांना सांगितलं.

मग मी ते नीट केलं. बैल कुठे आहेत ते एकाच जागी ठेवायचं. बाबांच्या विंडोने तिथे लिहायचं, माझ्या विंडोने नुसतं वाचायचं. शिवाय त्यांची विंडो 'मी चालू आहे' असा इशारा सतत पाठवत राहील आणि तो येतोय तोवर माझ्याकडे हिरवा ठिपका दिसेल. आमच्या धंद्यात त्या इशाऱ्याला हार्टबीट म्हणतात. कोणी ठेवलं असेल हे नाव! ठिपका गेला तर समजायचं, प्रोग्राम बिघडला. ठिपका आहे आणि बैल थांबलेत, तर हात थांबला.

हे जमलं आणि मी जरा माणसात आले. काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून बैल बघायचे. पळताहेत? मग बाबा आहेत. जेवण आणि औषधापुरती त्यांच्या खोलीत जायची, बाकी काम एके काम.

अशाच एका दुपारी बैल थांबले.

मी ठिपका बघितला. हिरवा. विंडो हलवून बघितली, ती हलली. अरे देवा, बिघड की मेल्या! त्या प्रोग्रामने चुकावं म्हणून मी जेवढी विनवणी केली तेवढी कधी देवाला केली नाही. पण तो मीच दुरुस्त केलेला होता. आता चूक निघायला जागाच नव्हती. धुरीवर हात नव्हता, एवढंच ते सांगत होतं.

मला उठता येईना. मनात एकच चाललं होतं, आपण गेलो नाही तोवर काही झालेलं नाही. बाहेरून ट्रक गेला, काचा वाजल्या. मग मीच मला एक शिवी हासडली आणि भिंत धरून निघाले.

बाबा खाटेवर तक्क्याला टेकून होते. मान छातीवर. उजवा हात बटणाच्या बाजूला उताणा पडलेला. मी जवळ जाऊन खांदा धरला.

त्यांनी मान वर केली. डोळे चांगले जागे.

"आली," ते म्हणाले.

मी किंचाळलेच. "बाबा! जीव गेला असता माझा! काहून थांबवले बैल? हात दुखतो का? चक्कर आली?"

"काई नाई झालं. बैल पयते तवा तू येत नाई. थांबले का येतेस." ते बटणाकडे बघत होते. "म्हून थांबवले."

मी खाटेच्या कडेवर बसले आणि रडायलाच लागले. लाज सोडून, मोठ्याने. बाबांनी तो उताणा पडलेला हात ओढत ओढत आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"बस घडीभर," ते म्हणाले. "एकट्याले मले बी भेव लागते."